आईचे गुडघे आणि प्रागचे चढ: पायी काय, ट्रामने काय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही, ७१ वर्षांचे बाबा आणि ६६ वर्षांची आई सप्टेंबरअखेर पुण्याहून युरोपला निघताय. गुरुवारी दुपारी व्हिएन्नाहून रेल्वेने प्रागला पोहोचायचं, रविवारी सकाळी निघायचं. आईचे गुडघे दुखतात. बाबा ठणठणीत आहेत, पण 'दमलो' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नाही. शहर पायी बघावं की ती 'कुठेही चढा, कुठेही उतरा'वाली बस घ्यावी? तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की सगळं तीन किलोमीटरात आहे, आरामात होतं, आणि तुमचा त्यावर विश्वास बसत नाहीये.

बसू नयेच. मी गेली अठरा वर्षं मराठी मंडळींचे गट घेऊन मध्य युरोपात जाते आणि 'आरामात होतं' हे वाक्य ऐकलं की पहिल्यांदा विचारते, कुणाला?

तीन किलोमीटर हा आकडा मात्र खरा आहे. बोहेमियाचे, म्हणजे जुन्या चेक राज्याचे, राजे राज्याभिषेकाला ज्या रस्त्याने जात, तो 'राजमार्ग' पावडर टॉवरपासून निघतो आणि त्सेलेत्ना रस्ता, ओल्ड टाउन स्क्वेअर, कार्लोव्हा गल्ली, चार्ल्स ब्रिज, मग नेरूदोवा रस्त्याचा चढ असा किल्ल्यापर्यंत जातो. जेमतेम अडीच किलोमीटर. पाहण्यासारखं बरंचसं याच वाटेवर आहे, म्हणून बहुतेक पुस्तकं आणि ॲप तुम्हाला याच रस्त्याने पाठवतात. फक्त राजे घोड्यावर किंवा बग्गीत बसून जायचे, एवढं सांगायचं राहून जातं.

तुमची खरी अडचण अंतराची नाहीच. किती मीटर चढायचं, किती उतरायचं, पायाखाली कसला दगड आहे, बसायला कुठे मिळेल आणि स्वच्छतागृह किती लांब आहे, ही तुमची अडचण आहे. नकाशावर यातलं काहीच दिसत नाही.

आधी नदीचं सांगते, कारण व्लतावाचं वळण समजलं की निम्मं शहर समजतं. ही नदी दक्षिणेकडून येते, जुन्या शहराला पश्चिमेकडून घासून जाते आणि पुढे पूर्वेला वळते. वळणाच्या आतल्या बाजूला, म्हणजे उजव्या तीरावर, जुनं शहर बसलंय. ते सपाट आहे, अगदी आपल्या पेठांसारखं. सपाट म्हणून पुराच्या तोंडीही. तेराव्या शतकात इथल्या रस्त्यांवर भर घालून ते उंच केले, तेव्हा जुन्या घरांचे तळमजले जमिनीखाली गेले. आज जुन्या शहरात ज्या तळघरांत लोक जेवायला उतरतात, त्यांतली काही एके काळची रस्त्यालगतची दालनं आहेत. समोरचा डावा तीर मात्र एकदम उभा. किल्ला नदीपासून साधारण ७० मीटर उंचीवर, म्हणजे वीस-बावीस मजले वर.

माझं पहिलंच वर्ष होतं. अडतीस जणांचा गट, हातात छापील कार्यक्रम, आणि मी सगळ्यांना राजमार्गाने वर नेलं. चढताना सगळे धापा टाकत होते, पण चढले. खरी फजिती उतरताना झाली. 'वेळ वाचेल' म्हणून मी जुन्या किल्ल्याच्या जिन्याने खाली आणलं. शंभरावर पायऱ्या, रुंद आणि बाहेरच्या अंगाला कललेल्या. नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका कठडा धरून, आडव्या होत, एकेक पायरी उतरल्या. दुसऱ्या दिवशी त्या हॉटेलातच राहिल्या. संध्याकाळी मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "अगं, चढताना लागतो तो दम. बसलं की जातो. उतरताना गुडघा बोलायला लागतो, आणि तो रात्रभर बोलत राहतो."

तेव्हापासून मी या शहराचा कार्यक्रम ठिकाणांप्रमाणे लावत नाही, पातळीप्रमाणे लावते. खालची सपाटी एकदा चालायची, वरची सपाटी एकदा चालायची, आणि दोन्हींमधला चढ आणि उतार ट्रामवर सोपवायचा. 'उतार' हा शब्द मुद्दाम घातला आहे. प्रागबद्दल सगळीकडे मिळणारा सल्ला असतो: 'ट्रामने वर जा, चालत खाली या.' तिशीतल्या माणसाला तो बरोबर आहे. गुडघेदुखी असलेल्या माणसाला तो उलटा पडतो, कारण उतरताना शरीराचा भार गुडघ्याच्या वाटीवर जास्त येतो. त्यातून नेरूदोवा रस्त्याला दगडी फरसबंदी. चेक लोक असल्या दगडांना 'मांजरांची डोकी' म्हणतात. सकाळी पाऊस झालेला असेल तर त्या डोक्यांवरून पाय कसा सटकतो, ते मी अनुभवाने सांगते.

अर्थात गुडघे कसे दुखतात, यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही पुण्याचे आहात, तर निघायच्या महिनाभर आधी एका सकाळी आईंना पर्वतीवर न्या. शंभरेक पायऱ्या आहेत. चढायला किती वेळ लागतो ते बघू नका. उतरताना त्या कठडा धरतात का आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना काय म्हणतात, ते बघा. काहीच म्हणाल्या नाहीत तर पुढचं अर्धं उत्तर सोडून द्या आणि नेरूदोवाने खुशाल उतरा. तो रस्ता सुंदर आहे. घरांना क्रमांक १७७० मध्ये, राणी मारिया तेरेसाच्या काळात आले. त्याआधी दारावरच्या चिन्हावरून घर ओळखायचे. तीन व्हायोलिन, दोन सूर्य, लाल कोकरू ही चिन्हं अजून तिथे आहेत. पण आई पर्वतीवरून आडव्या होत उतरल्या, तर मी सांगते तसं करा. त्यांनी डॉक्टरांकडून आधीच 'जिने टाळा' ऐकलं असेल, तर पर्वतीही नको, सरळ पुढे वाचा.

बसचं थोडक्यात सांगते. प्रागमध्ये मला ती नको वाटते. चार्ल्स ब्रिजवर वाहनं जात नाहीत. जुन्या शहराचा गाभा इतका चिंचोळा आहे की बस त्याच्या कडेकडेनेच फिरते. म्हणजे पैसे देऊनही पाहायचं ते पायीच पाहायचं. त्यापेक्षा ट्राम दर काही मिनिटांनी येते, आणि ६५ वर्षांवरच्यांना शहराच्या वाहतुकीत तिकीट लागत नाही. जन्मतारीख असलेलं ओळखपत्र जवळ हवं, पासपोर्ट चालतो. आई-बाबा दोघंही त्यात बसतात. तुमचं मात्र तिकीट काढा आणि कागदी असेल तर पिवळ्या यंत्रात छापून घ्या. न छापलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

आता दिवस. तुमचा गुरुवार ते रविवार हा हिशेब मला दोन ठिकाणी आडवा आला. एक, ज्यू वस्तीतलं संग्रहालय शनिवारी बंद असतं, ज्यू सणांनाही. सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्यांच्या मोठ्या सणांचे दिवस, म्हणून तारखा आधी बघून घ्या. म्हणजे ते शुक्रवारीच करायला हवं आणि किल्ला शनिवारी. शनिवारी गर्दी जास्त, पण इलाज नाही. दोन, २८ सप्टेंबरला संत वाक्लाव्हचा दिवस, राष्ट्रीय सुट्टी. त्या दिवशी मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. तुमच्या तारखांत तो येत असेल तर दूध, फळं, पाणी आदल्या दिवशी घ्या.

गुरुवार. व्हिएन्नाहून गाडीला चार तास लागतात. त्यामुळे पोहोचल्यावर सामान टाका, चहा घ्या आणि आई-बाबांना तासभर आडवं होऊ द्या. हॉटेल उजव्या तीरावर, नारोद्नी त्र्शीदा या रस्त्याच्या आसपास मिळालं तर उत्तम. तिथून २२ नंबरची ट्राम मिळते आणि जुनं शहर सपाटीवरून चालत गाठता येतं. डाव्या तीरावरची हॉटेलं फोटोत फार छान दिसतात. तिथल्या गल्लीत चाकांची बॅग ओढून बघा म्हणजे कळेल.

साडेचारच्या सुमाराला पावडर टॉवरपासून त्सेलेत्ना रस्त्याने ओल्ड टाउन स्क्वेअरला जा. दहा-बारा मिनिटांची सपाट वाट आहे. चौकातल्या खगोलीय घड्याळाच्या वरच्या खिडक्यांत तासाच्या ठोक्याला बारा प्रेषितांच्या बाहुल्या फिरतात आणि तो खेळ मिनिटभरात संपतो. त्यासाठी अर्धा तास मान वर करून उभं राहू नका. त्यापेक्षा आधी तबकडी बघा, आणि बाबांना पंचांगाची आवड असेल तर ती त्यांच्याच हवाली करा. हे घड्याळ १४१० सालचं. त्यावर राशींचं वेगळं वर्तुळ आहे आणि सूर्य-चंद्र कुठल्या राशीत आहेत ते काटे दाखवतात. चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा चकचकीत, तो फिरून कला दाखवतो. सप्टेंबरअखेर तिथे सूर्य तुळेत दिसेल. घरचं पंचांग म्हणेल कन्येत. दोन्ही बरोबर. ते सायन, म्हणजे ऋतूंवरून मोजलेलं; आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून. बाहेरच्या कड्यावर जुन्या चेक पद्धतीचे तास आहेत, सूर्यास्तापासून मोजलेले. आपण दिवस सूर्योदयापासून धरतो, ते मावळतीपासून धरायचे. माझ्या गटातले एक जोशीकाका या तबकडीपुढून पाऊण तास हलले नव्हते. शेवटी त्यांना सोडून आम्ही कॉफी पिऊन आलो.

त्याच इमारतीच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण या शहरातल्या बहुतेक उंच जागा पायऱ्यांच्या आहेत. किल्ल्यातल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याला २८७ पायऱ्या, पेत्रीन टेकडीवरच्या लोखंडी मनोऱ्याला २९९. शहर वरून बघायचंच असेल तर ते इथून बघा, मावळतीच्या आधी. खाली आलात की मनोऱ्यापाशी फरशीत सत्तावीस पांढरे क्रूस दिसतील. हॅब्सबर्ग सत्तेविरुद्ध उठलेल्या सत्तावीस जणांना २१ जून १६२१ रोजी इथे मारलं. लोक त्यावरूनच चालत आईस्क्रीम खात असतात. तिथून परत हॉटेल. पहिल्या दिवशी एवढंच.

शुक्रवारी सकाळी ज्यू वस्ती, योसेफोव्ह. उघडता उघडता पोहोचा. पिंकास प्रार्थनागृहाच्या भिंतींवर नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या बोहेमिया आणि मोराव्हियातल्या जवळपास ७८,००० माणसांची नावं हाताने लिहिलेली आहेत. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. शेजारचं कब्रस्तान लहानसं. समाजाला दुसरी जागा मिळत नव्हती म्हणून मातीचे थर चढवून पुरत गेले. सर्वांत जुना दगड १४३९ चा आहे, आणि आज वर सुमारे १२,००० दगड एकमेकांना टेकून उभे आहेत. इथली वाट उंचसखल आहे, आईंचा हात धरा. पुरुषांना डोकं झाकावं लागतं. आणि इथून निघाल्यावर लगेच पुढचं ठिकाण लावू नका. माझ्या गटांतली माणसं इथून बाहेर पडली की अर्धा तास कुणाशी बोलत नाहीत. नदीकाठी जाऊन बसतो आम्ही.

दुपारी विश्रांती. हे लिहिताना तुमच्या बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे येतोय. 'एवढे पैसे खर्च करून झोपायला आलोय का?' असं ते म्हणतील. म्हणू द्या. माझ्या गटात चाळीस मिनिटं चालणं आणि वीस मिनिटं बसणं हा नियम आहे, आणि तो मी 'दमलात का?' असं न विचारता पाळते. विचारलं की आपली माणसं हमखास 'नाही' म्हणतात. त्यापेक्षा 'मला जरा फोन करायचाय, बसूया' म्हणा. या फोनच्या बहाण्यावर मी अठरा वर्षं काढली आहेत.

शुक्रवारी संध्याकाळी दोन पर्याय आहेत, दोन्ही करू नका. पहिला व्हिशेह्राद, म्हणजे नदीकाठच्या उंचवट्यावरचं जुनं तटबंदीचं ठिकाण. मेट्रोच्या सी मार्गावर त्याच नावाचं स्टेशन आहे आणि ते वरच्या पातळीवरच आहे. तिथून जवळजवळ सपाट चालत दहा-पंधरा मिनिटांत जुन्या तटावर पोहोचता येतं. अकराव्या शतकातलं गोल देवालय आहे, खाली नदी आहे, बाक आहेत, किल्ल्यापेक्षा कितीतरी कमी माणसं आहेत. तिथल्या कब्रस्तानात द्वोर्झाक आणि स्मेताना हे दोन संगीतकार आहेत. कारेल चापेकही आहे, ज्याच्या १९२० च्या नाटकामुळे 'रोबोट' हा शब्द जगाला मिळाला. दुसरा पर्याय बाबांसाठी आहे, तो शेवटी सांगते.

शनिवार हा तुमचा मोठा दिवस. सकाळी सातला चार्ल्स ब्रिजवर असा. सप्टेंबरअखेर तिथे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे फार लवकर उठायचीही गरज नाही. दहानंतर हाच पूल गणपतीतल्या लक्ष्मी रोडसारखा होतो. ५१६ मीटर लांब, जेमतेम दहा मीटर रुंद, त्यात चित्रकार, वादक आणि फोटो काढणारे. आई-बाबांना धक्के खात चालायला लावायचं नसेल तर ही एक पहाट द्याच.

पूल राजा चौथ्या कार्लने, म्हणजे इंग्रजीतल्या चार्ल्सने, बांधायला घेतला. आधीचा दगडी पूल १३४२ च्या पुरात गेला होता. पायाचा दगड ९ जुलै १३५७ चा. त्या क्षणाचे आकडे १३५७९७५३१ असे, सुलटे वाचा की उलटे, सारखेच येतात, म्हणून ज्योतिषांनी पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांचा मुहूर्त काढला होता असं सांगतात. मुहूर्ताची गोष्ट आपल्या माणसांना फारशी समजवावी लागत नाही. चुन्यात अंडी घातली होती अशीही दंतकथा आहे. गावोगावहून अंडी मागवली, तर व्हेल्व्हारी नावाच्या गावाने वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली! अंड्यांचं खरंखोटं काही असो, १८४१ पर्यंत शहरात नदीवर हा एकच पूल होता आणि १८९० च्या पुरात त्याच्या तीन कमानी कोसळल्या होत्या. दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे आहेत. बरेचसे आता प्रतिकृती आहेत, मूळ पुतळे आत सुरक्षित ठेवलेत. नेपोमुकच्या संत यानचा १६८३ चा पुतळा सर्वांत जुना. राजाच्या हुकमावरून १३९३ मध्ये त्याला नदीत टाकलं. त्याच्या चौथऱ्यावरचं ब्राँझ हात लावून लावून सोन्यासारखं झालंय.

पूल संपता संपता डावीकडे कांपा बेटावर उतरणारा जिना दिसेल. तो सोडा. पुढे मनोऱ्यांच्या कमानीखालून जा आणि डावीकडच्या पहिल्या मोठ्या गल्लीने, लाझेन्स्काने, वळून या. एकही पायरी न उतरता तुम्ही चेर्तोव्का या छोट्या ओढ्यापाशी पोहोचाल. नावाचा अर्थ साधारण 'सैतानीण'. पाणचक्कीचं चाक आहे, पलीकडे झाडं, हिरवळ आणि बाक. २००२ च्या ऑगस्टमध्ये हा सगळा भाग पाण्याखाली होता, मेट्रोतही पाणी शिरलं होतं. इथे निवांत बसा. डबा सोबत असेल तर तो इथेच उघडा.

मग मालोस्त्रान्स्के नामेस्ती या चौकातून २२ ची ट्राम घ्या आणि प्राझ्स्की ह्राद, म्हणजे 'प्राग किल्ला', हा थांबा सोडून पुढे पोहोर्झेलेत्सला उतरा. सगळे आधीच्या थांब्यावर उतरतात, तुम्ही उतरू नका. पोहोर्झेलेत्स किल्ल्यापेक्षाही थोडं उंचावर आहे. तिथे स्ट्राहोव मठ आहे, त्याच्या बाजूने सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं. तिथून लोरेता या चर्चवरून किल्ल्याच्या दारापर्यंतची वाट अगदी सौम्य उताराची आहे, पाऊण किलोमीटरच्या आसपास. लोरेताच्या मनोऱ्यातल्या घंटा दर तासाला एक धून वाजवतात. त्या ऐकायला समोरच्या पायऱ्यांवर बसलं की आईंचा वीस मिनिटांचा विसावाही होतो.

किल्ल्याच्या आवारात जायला पैसे पडत नाहीत. दाराशी कधी बॅगा तपासतात, तेव्हा रांग लागते. तिकीट आतल्या इमारतींना आहे. बारा वाजता पहारा बदलतो, बँड वाजतो, आणि त्या वेळी दारात चेंगराचेंगरी होते. एक तर साडेअकराच्या आत आत जा, नाहीतर साडेबारानंतर. माझं मत विचाराल तर आत फक्त कॅथेड्रल नीट बघा. १३४४ मध्ये सुरू झालेलं हे बांधकाम १९२९ मध्ये पूर्ण झालं. दारातून आत गेल्यावर समोर येतो तो भाग नवा आहे आणि वेदीकडचा जुना, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. डावीकडे आल्फोन्स मुखा या चित्रकाराच्या रंगीत काचेपाशी थांबा. गोल्डन लेन ही चिमुकल्या घरांची गल्ली गाजलेली आहे, २२ नंबरच्या घरात लेखक काफ्का १९१६-१७ च्या सुमारास लिहायला बसत असे. पण ती किल्ल्याच्या खालच्या टोकाला आहे, आत खूप गर्दी असते, आणि तिथे गेलात की मागचे लोक तुम्हाला माझ्या त्या जुन्या जिन्याकडे ढकलत नेतात. आईंसाठी मी ती गाळेन.

परत येताना दुसऱ्या चौकातून उत्तरेच्या दाराने बाहेर पडा, छोटा पूल ओलांडा, सरळ गेलं की प्राझ्स्की ह्रादचा ट्राम थांबा. सगळं सपाट. तीच २२ तुम्हाला खाली आणून सोडते. अंगात दम उरला असेल तर मालोस्त्रान्स्का या थांब्यावर उतरून वाल्डश्टाइन बागेत जा. प्रवेश फुकट, बाक भरपूर, आणि मोर आहेत. प्रागमध्ये मोर बघून आपल्या बायकांना जो आनंद होतो, तो कॅथेड्रल बघून होत नाही. मी आता त्यावर रागावणं सोडून दिलंय.

म्हणजे शनिवार असा: पहाटे पूल, मग बाग, ट्रामने वर, पोहोर्झेलेत्सहून किल्ल्यापर्यंत हळूहळू, आणि ट्रामनेच खाली. चालणं पाच किलोमीटरच्या आत, पायऱ्या जवळपास नाहीत. एक सावधगिरी: शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि ट्राम भलतीकडून वळवतात. आदल्या रात्री वाहतुकीच्या ॲपवर बघून घ्या.

काही बारीकसारीक गोष्टी, सुचतील तशा. रस्ता ओलांडताना झेब्रा पट्ट्यांवरही ट्रामला पादचाऱ्याआधी हक्क आहे. मोटार थांबते, ट्राम थांबत नाही, आणि आवाजही फार करत नाही. हे आई-बाबांना पहिल्याच दिवशी सांगा. मेट्रोचे सरकते जिने आपल्याकडच्यापेक्षा वेगात पळतात, आईंनी पाय टाकताना तुम्ही एक पायरी खाली असा. २२ च्या ट्राममध्ये खिसेकापू असतात, पाठीवरची बॅग पोटावर घ्या. स्वच्छतागृहाला सुटी नाणी लागतात. आईंची रक्तदाबाची गोळी लघवी जास्त होणारी असेल तर ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून निघा. हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि सहलीत सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. बूट नवे नकोत. महिनाभर वापरलेले, जाड आणि कडक तळव्याचे हवेत. पातळ, मऊ तळव्याचे बूट सपाट रस्त्यावर छान वाटतात, पण त्या मांजरांच्या डोक्यांवर प्रत्येक दगड तळपायाला टोचतो.

चलन कोरुना आहे, युरो नाही. रस्त्यावरच्या विनिमय केंद्राने फसवा दर दिला असं लक्षात आलं तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करून घेता येतो, पावती मात्र हवी.

जेवणाचं. तळलेलं चीज शाकाहाऱ्यांना सगळीकडे मिळतं, पण रोज नको. ब्राम्बोराक म्हणजे लसूण घातलेलं बटाट्याचं थालीपीठच, त्यात अंडं असतं. सूप शाकाहारी दिसलं तरी पाणी मांसाचं असू शकतं, विचारा. आणि रस्तोरस्ती 'जुना बोहेमियन पदार्थ' म्हणून जो साखरेचा भाजलेला पोकळ रोल विकतात, तो पर्यटकांपुरता जुना आहे. खायला हरकत नाही.

आता बाबांचा पर्याय. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलंय की त्यांनी बावीस वर्षं येझदी चालवली. मग लेत्ना टेकडीवरचं राष्ट्रीय तंत्र संग्रहालय त्यांच्यासाठीच आहे. जावा ही कंपनी प्रागचीच, १९२९ ची. संस्थापक यानेचेक (Janeček) यांच्या नावातला 'जा' (Ja) आणि वाँडरर (Wanderer) या जर्मन मोटारसायकलीच्या नावातला 'वा' (Wa). मुंबईच्या इराणी मंडळींनी ती गाडी भारतात आणली, १९६१ पासून ती म्हैसूरला बनू लागली आणि पुढे तिचीच येझदी झाली. संग्रहालयाच्या भल्यामोठ्या दालनात रेल्वे इंजिनं, जुन्या मोटारी आणि मोटारसायकली आहेत, छताला विमानं टांगलेली आहेत. ट्राम लेत्नावर जाते, तिथून संग्रहालय सपाटीवर. बाहेर आलात की पाच-दहा मिनिटांवर बागेची कड आहे, तिथून व्लतावावरचे पूल एकापाठोपाठ एक दिसतात. तिथे बाक आहेत, बिअरही मिळते. आईंना तिथे बसवा आणि बाबांना संग्रहालयात एकटं सोडा. बाहेर यायची वेळ मात्र आधी ठरवून घ्या. त्या दालनातून जोशीकाकांना बाहेर काढायलाही मलाच आत जावं लागलं होतं.